सीटी-एमआरआयमधले आर्टिफॅक्ट : पेशंट टेबलावर आहे तोवरच काय काय करायचं (नवीन टेक्निशियनसाठी)

रेडिओलॉजीचा डिप्लोमा नाहीतर बीएस्सी करून लातूर, नांदेड, संभाजीनगरात कुठल्या तरी सेंटरला नवीन लागलेल्या पोरापोरींनो, हा लेख तुमच्यासाठी आहे. कॉलेजात आर्टिफॅक्टचा एक धडा असतो, आपण नावं पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. मग ड्युटीवर रात्री एकटे असताना स्क्रीनवर पट्टे दिसतात, रेडिओलॉजिस्ट घरून फोनवर विचारतात "हे काय आलंय?" आणि आपल्याला काहीच सुचत नाही. मी सीटी आणि एमआरआय दोन्हीवर काम करतो, आणि जे सिनियरकडून, इंजिनियरकडून आणि मशीनसमोर बसून शिकलो ते इथं क्रमानं लिहितोय.

आर्टिफॅक्ट म्हणजे जे इमेजमध्ये दिसतं पण पेशंटच्या अंगात नसतं, किंवा अंगात असतं पण त्याच्यामुळं झाकलं जातं. बास, एवढंच. पण ह्याच्यामुळं काय होतं ते बघा. मेंदूच्या मागच्या भागात खोटा काळा पट्टा दिसला की लकव्याचा संशय येतो, महाधमनी हलल्यामुळं तिची भिंत दुहेरी दिसली की ती फाटल्याचा संशय येतो, मणक्यातल्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या मधोमध खोटी रेघ आली की पाणी झाल्यासारखं वाटतं. आणि आपल्याकडचा पेशंट किनवटहून, आष्टीहून, औंढ्याहून पहाटेची एसटी धरून आलेला असतो, सोबतच्या माणसाचा रोज बुडालेला असतो. त्याला "उद्या परत या" म्हणणं सोपं नाही. म्हणून माझं सगळ्या लेखाचं म्हणणं एकच आहे, की आर्टिफॅक्ट टेबलावरच ओळखायचा आणि टेबलावरच दुरुस्त करायचा. नंतर सॉफ्टवेअरनं करू म्हणाल तर बरंचसं हातातून गेलेलं असतं.

आधी हे जवळ ठेवा

कागदपत्रं: डॉक्टरांची चिठ्ठी (नेमकं काय शोधायचंय ते वाचा, नुसतं "सीटी ब्रेन" बघून सुरू करू नका), जुने रिपोर्ट आणि फिल्म, ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि बसवलेल्या रॉड-प्लेट-स्टेंट-पेसमेकरचं इम्प्लांट कार्ड, एमआरआयचा स्क्रीनिंग फॉर्म, कॉन्ट्रास्ट (इमेज उठून दिसायला द्यायचं औषध) असेल तर क्रिएटिनिनचा (किडनीचा) रिपोर्ट आणि संमतीपत्र.

सामान: फोमचे वेगवेगळ्या आकाराचे तुकडे, वेल्क्रोचे पट्टे, हनुवटीचा आणि कपाळाचा पट्टा, दोन-तीन उशा, सुती गाऊन, ओला मऊ फडका, वॉटर फँटम (मशीन तपासायचं पाणी भरलेलं भांडं), खोलीत आर्द्रतामापक, आणि एक साधी शंभर पानी वही. वहीचं काम शेवटी सांगतो.

१. आधी ठरवा : दोष पेशंटकडून, मशीनकडून की सेटिंगमधून?

इथं चुकलात तर पुढं सगळं चुकतं. इमेज खराब दिसली की नवीन पोरं लगेच स्कॅन रिपीट करतात. थांबा. आधीच्या पेशंटची इमेज उघडून बघा. तोच दोष त्याच जागी त्याच्यातही आहे का? असेल तर मशीनवर संशय घ्या, आणि वेळ मिळाला की फँटम स्कॅन करून बघा. फँटमला हाडं नाहीत, श्वास नाही, मंगळसूत्र नाही, तरी दोष आला म्हणजे मशीनच. फँटम स्वच्छ आला तर दोष पेशंटकडून आहे, म्हणजे हालचाल, धातू, रक्ताचा प्रवाह, अंगाचा आकार. आणि पॅरामीटर बदलल्यावर दोषाची जागा किंवा जाडी बदलली तर सेटिंगमध्ये बघायचं. हे तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि सीटीमध्ये तर रिपीट म्हणजे पुन्हा रेडिएशन, हे विसरू नका.

२. कपडे आणि दागिने : अर्धं काम इथंच होतं

"धातूचं काही आहे का?" असं विचारलं तर आपल्याकडं नव्वद टक्के उत्तर "काही नाही" असंच येतं, कारण करदोडा, जोडवी, ताईत ह्याला कुणी धातू समजत नाही, ते अंगाचाच भाग झालेलं असतं. नाव घेऊन विचारा. मावशीला विचारा : डोरलं, नथ, बुगड्या, केसातले आकडे, ब्लाउजच्या आणि साडीच्या पिना, जोडवी, पैंजण. मामांना विचारा : करदोडा, त्याला अडकवलेली किल्ली, दंडातला ताईत, खिशातली तंबाखूची डबी, काढता येणारी कवळी. पोटाच्या सीटीत चांदीचा करदोडा राहिला तर कमरेच्या लेव्हलला असे पट्टे येतात की खालच्या मूत्रनलिकेतला बारीक खडा त्याच्यात हरवून जातो.

डोरलं काढायला बऱ्याच बायांना जिवावर येतं. दरडावू नका. सीटीमध्ये जो भाग स्कॅन होणार तेवढ्यातलंच काढावं लागतं, डोक्याचा सीटी असेल तर डोरलं खाली छातीवर सरकवलं तरी चालतं, पोटाचा असेल तर वर गळ्याशी. छातीचा असेल तर मात्र काढून तिच्याच पदराच्या गाठीला बांधून पदर बाजूला करा, किंवा तिच्याच माणसाच्या हातात तिच्यासमोर द्या. एवढं केलं की कुणी नाही म्हणत नाही. लमाण तांड्यावरच्या आज्यांच्या अंगावर भरपूर दागिने असतात, तिथं घाई करू नका, सोबतच्या सुनेला मदतीला घ्या.

एमआरआयला ही सवलत नाही. तिथं सगळंच बाहेर, कारण तिथं प्रश्न फक्त इमेजचा नाही, जिवाचा आहे. लोखंडी वस्तू उडून जाते, पेसमेकर बिघडू शकतो. जालन्याच्या स्टील कारखान्यात, वाळूजला किंवा गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात ग्राइंडिंग-वेल्डिंग करणारा माणूस असेल तर डोळ्यात कधी कण गेला होता का हे विचाराच. शंका असेल तर आधी डोळ्याच्या खोबणीचा एक्स-रे आणि रेडिओलॉजिस्टचा होकार, मगच आत.

अजून एक, तोंडातली तंबाखू किंवा गुटखा. मानेच्या किंवा चेहऱ्याच्या स्कॅनला तोंड धुवायला लावा, नाहीतर माणूस सारखा गिळतो आणि जबडा हलवतो.

३. हालचाल : मशीनपेक्षा तुमचं बोलणं जास्त कामाला येतं

मशीनमधलं रेकॉर्ड केलेलं "ब्रीद इन, होल्ड" आमच्या परभणी-हिंगोलीच्या आजीला कळत नाही, आणि कळलं तरी आवाजानं दचकून ती उलटा श्वास सोडते. बहुतेक मशीनवर स्वतःच्या आवाजात सूचना रेकॉर्ड करता येतात. मराठीत एक आणि हिंदीत एक करून ठेवा. "आजी, दम आत ओढा... आता धरून ठेवा... सोडा." एवढंच, जास्त शब्द नकोत. आणि टेबलावर झोपवल्यावर आधी दोन-तीन वेळा कोरडी प्रॅक्टिस करा, पोटावर नजर ठेवून बघा की दम खरंच धरलाय का. धापेचा पेशंट असेल, दम धरताच येत नसेल, तर हळू श्वास घ्यायला सांगा आणि स्कॅनची वेळ कमी करा, म्हणजे रोटेशन टाइम (ट्यूबच्या एका फेरीचा वेळ) कमी, पिच (एका फेरीत टेबल किती सरकतं ते) जास्त.

डोक्याच्या सीटीला कपाळाचा आणि हनुवटीचा पट्टा, दोन्ही कानांजवळ फोम. अपघाताचा पेशंट दारू पिलेला किंवा बेशुद्धीत तडफडणारा असेल तर पट्ट्यानं भागत नाही, ड्युटी डॉक्टरला बोलवा. झोपेचं औषध देणं आपलं काम नाही. तान्ह्या बाळाचा एमआरआय असेल तर आईला सांगून ठेवा की आधी झोपवू नको, स्कॅनच्या तोंडावर दूध पाज, मग दुपट्यात घट्ट गुंडाळून कानाला संरक्षण लावून आत घ्या, बरीच बाळं औषधाशिवाय झोपून जातात. पण ज्याला भूल द्यायची ठरलीय त्या बाळाला हे करायचं नाही, त्याला उपाशीच ठेवावं लागतं. म्हणून आधी विचारा.

सीटीत पेशंट फक्त दोन-चार स्लाइसला हलला असेल तर तेवढेच स्लाइस परत घ्या, पूर्ण डोकं परत नाही.

छातीच्या सीटी अँजिओत महाधमनीच्या सुरुवातीलाच दुहेरी भिंत दिसली आणि पुढं कुठंच नाही, तर हृदयाच्या ठोक्याचा दोष असू शकतो. ईसीजी गेटिंग (ठोक्याशी जुळवून घेतलेला स्कॅन) लावून घेतलं की उलगडा होतो. पण हा निर्णय रेडिओलॉजिस्टचा, तुम्ही फक्त पेशंटला उतरवू नका आणि लगेच फोन करा.

४. सीटी : पट्टे, काळे डाग, वर्तुळं

*मध्यभागी ठेवा.* ह्याच्याकडं कुणी लक्ष देत नाही. टेबल वर-खाली झालं आणि पेशंट गँट्रीच्या (मशीनच्या गोल कड्याच्या) मध्याशी नसला की बो-टाय फिल्टर (कडेचा किरण कमी करणारा) चुकीच्या जागी पडतो, ऑटो एमए (अंगाच्या जाडीप्रमाणं किरण कमी-जास्त करणारी सोय) चुकीचा हिशोब करतो, आणि इमेजमध्ये दाणे वाढतात. लेसर दोन्ही बाजूंनी बघा.

*हात.* छाती-पोटाच्या स्कॅनला हात डोक्यावर. हात अंगाशी असले की दोन्ही हातांच्या हाडांमधून पोटावर आडवे पट्टे येतात आणि यकृत-प्लीहा खराब दिसतात. खांदा जाम असेल तर एक हात वर घ्या, तेही जमत नसेल तर पोटावर उशी ठेवून हात त्याच्यावर ठेवा, बाजूला चिकटवण्यापेक्षा ते बरं.

*बीम हार्डनिंग.* एक्स-रेच्या किरणात कमी-जास्त ताकदीचे फोटॉन असतात, जाड हाडातून जाताना कमकुवत आधी गळतात आणि उरलेला किरण जास्त कडक होतो. कानामागच्या दोन्ही कठीण हाडांच्या मध्ये, ब्रेनस्टेमवर जो काळा पट्टा दिसतो तो हाच. त्याला हाउन्सफील्ड बार म्हणतात, ज्या गॉडफ्रे हाउन्सफील्डनी सीटी बनवलं आणि १९७९ चं नोबेल कॉरमॅकसोबत घेतलं त्यांच्याच नावानं. ह्याला उपाय : मशीनमध्ये हेड प्रोटोकॉल असेल तर हेडचाच वापरा (बॉडीचा नको, करेक्शन वेगळं असतं), त्या भागात बारीक स्लाइस घ्या, केव्ही (एक्स-रे ट्यूबचा व्होल्टेज) थोडा वाढवून बघा. पट्टा पूर्ण जात नाही. तिथं नवीन लकवा शोधायचा असेल तर एमआरआयच लागतो.

*धातू.* कृत्रिम खुबा, मणक्यातले स्क्रू, दातातलं धातूचं फिलिंग. गँट्री तिरकी करता येत असेल तर दात बीमच्या बाहेर ठेवा. केव्ही १२० वरून १४० करा, कॉलिमेशन (किरणाची रुंदी) बारीक ठेवा, आणि मशीनमध्ये मेटल रिडक्शन (धातूचे पट्टे कमी करणारं सॉफ्टवेअर) असेल तर ते लावा. ड्युअल एनर्जी (दोन वेगळ्या केव्हीवरचा स्कॅन) असेल तर जास्त केईव्हीच्या मोनोएनर्जेटिक इमेज (एकाच ताकदीच्या किरणानं काढल्यासारख्या) काढा. पण इथं एक मोठा सापळा आहे. मेटल रिडक्शन स्वतःच नवीन आर्टिफॅक्ट तयार करतं, धातूला लागून असलेलं हाड खाल्ल्यासारखं दिसू शकतं. म्हणून साधी सीरिज आणि मेटल रिडक्शनची सीरिज, दोन्ही पाठवायच्या, कधीच एकटी नाही.

*खांदे आणि जाड पेशंट.* खांद्याच्या लेव्हलला आडव्या बारीक रेघा येतात कारण तिथं फोटॉनच कमी पोचतात. ऑटो एमए चालू आहे का बघा, मानेच्या सीटीला खांदे पायाकडं ओढून घ्या.

*रिंग.* एकाच केंद्राभोवती गोल रेघ, आणि ती प्रत्येक पेशंटमध्ये त्याच अंतरावर : डिटेक्टरचा एखादा एलिमेंट कॅलिब्रेशनमधून निघालाय. सकाळी ट्यूब वॉर्म-अप आणि एअर कॅलिब्रेशन करा. लाइट जाऊन आली, मशीन बंद-चालू झालं, तर परत करा. आपल्याकडं उन्हाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, एसी बंद पडून खोली तापली की डिटेक्टरचं कॅलिब्रेशनसुद्धा हलतं, म्हणून हे टाळू नका. कॅलिब्रेशन करूनही रिंग राहिली तर इंजिनियर.

आणि इंजिनियरला फोन करण्याआधी गँट्रीच्या आतली प्लास्टिकची पारदर्शक पट्टी आणि डोक्याचा होल्डर बघा. कॉन्ट्रास्टचा एक वाळलेला थेंब तिथं असला तर विचित्र डाग येतात. आयोडीन आहे ते, एक्स-रे अडवतं. ओल्या फडक्यानं हलक्या हातानं पुसा, हवेचा एक स्कॅन घेऊन बघा.

*बाहेर राहिलेला भाग.* स्कॅन एफओव्ही (मशीन टिपू शकतं तेवढा भाग) साधारण ५० सेंटीमीटरचं असतं. जाड माणसाचं कोपर किंवा कूस त्याच्या बाहेर गेली की कडेला पांढरी झळ येते. पेशंट मध्ये घ्या, मशीनमध्ये एक्स्टेंडेड एफओव्ही असेल तर लावा.

५. एमआरआय : आधी फेजची दिशा बघा

एमआरआयमधली एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. मशीन इमेजची एक दिशा फेजनं मोजतं आणि दुसरी फ्रिक्वेन्सीनं. पेशंट कुठल्याही दिशेनं हलू दे, त्याची भुतासारखी सावली फेज एन्कोडिंगच्या दिशेनंच पसरते. म्हणून कितीतरी वेळा उपाय एवढाच असतो की फेज आणि फ्रिक्वेन्सीची अदलाबदल करा. मानेच्या मणक्याच्या सॅजिटलला (बाजूनं घेतलेल्या उभ्या कापाला) फेज पुढून-मागं ठेवली तर गिळण्याची सावली सरळ मज्जारज्जूवर पडते. ती डोक्याकडून पायाकडं करा, ओव्हरसॅम्पलिंग (एफओव्हीच्या बाहेरचंही मोजणं) लावा (नाहीतर डोकं खालून गुंडाळून येतं) आणि घशावर सॅच्युरेशन बँड (त्या जागेचा सिग्नल दाबणारा पट्टा) टाका. पेशंटला सांगा, "मशीनचा आवाज चालू असताना गिळू नका, आवाज थांबला की गिळा." पोटाला रेस्पिरेटरी ट्रिगर (श्वासाशी जुळवून घेणं), डोकं हलवणाऱ्याला प्रोपेलर किंवा ब्लेड (हालचाल सावरणारा सिक्वेन्स, कंपनीप्रमाणं नाव बदलतं).

*रॅप.* अंग एफओव्हीपेक्षा मोठं असलं की बाहेरचा भाग दुसऱ्या बाजूनं आत येतो, नाक डोक्याच्या मागं दिसतं. एफओव्ही वाढवा, किंवा नो फेज रॅप लावा, किंवा फेज अंगाच्या अरुंद बाजूला फिरवा.

*केमिकल शिफ्ट.* चरबी आणि पाण्याच्या फ्रिक्वेन्सीत ३.५ पीपीएमचा फरक असतो, म्हणजे १.५ टेस्लावर साधारण २२० हर्ट्झ आणि ३ टेस्लावर त्याच्या दुप्पट. समजा १.५ टेस्लावर बँडविड्थ पिक्सेलला ११० हर्ट्झ ठेवली तर चरबी दोन पिक्सेल सरकते, २२० केली तर एकच. किडनीच्या एका बाजूला काळी आणि दुसऱ्या बाजूला पांढरी कड दिसली की हेच. बँडविड्थ वाढवली की सिग्नल कमी होतो, तेवढं सोसायचं.

*धातू.* ग्रेडियंट एको टाळा, फास्ट स्पिन एको घ्या, बँडविड्थ वाढवा, टीई (सिग्नल घ्यायची वेळ) कमी, स्लाइस बारीक, आणि फॅट सॅटऐवजी स्टिर (दोन्ही चरबीचा सिग्नल दाबायच्या पद्धती), कारण धातूजवळ फॅट सॅट नीट लागत नाही. पण गॅडोलिनियम (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट) दिल्यावर स्टिर वापरू नका, जिथं औषध भरलंय तोच सिग्नल पुसला जाऊ शकतो.

*गिब्ज.* मज्जारज्जूच्या आत समांतर रेघा, सिरिंक्ससारख्या (मज्जारज्जूत पाण्याची पोकळी झाल्यासारख्या). मॅट्रिक्स (पिक्सेलची संख्या) वाढवा. अ‍ॅक्शियलला दिसत नसेल तर बहुतेक खोटंच, पण तसं लिहून कळवा, ठरवणार रेडिओलॉजिस्ट.

*मॅजिक अँगल.* खांद्याचा किंवा घोट्याचा टेंडन चुंबकाच्या दिशेशी साधारण ५५ अंशात असला तर कमी टीईच्या सिक्वेन्सवर उगाच पांढरा दिसतो. जास्त टीईचा टी-टू बघा, तिथं काळा असेल तर टेंडन ठीक.

*झिपर.* इमेजमधून आरपार ठिपक्यांची रेघ. बाहेरची रेडिओ लहर आत आली. आधी दार. नीट लागलंय का, दाराच्या कडेच्या तांब्याच्या पट्ट्यांवर धूळ किंवा गाऊनचा धागा अडकलाय का. मग आतलं उपकरण, पल्स ऑक्सिमीटर, नवीन बदललेला दिवा. एकेक बंद करत बघा.

*स्पाइक.* सगळ्या इमेजवर सतरंजीसारखी तिरकी वीण. हा आपल्या भागातला उन्हाळी पाहुणा आहे. एप्रिल-मे मध्ये मराठवाड्याची हवा ठणठणीत कोरडी, वर एसी चालू, आणि पेशंट नायलॉनच्या साडीत नाहीतर लोकरी चादरीत. स्टॅटिक ठिणगी पडते आणि डेटात एक खिळा उमटतो. सुती गाऊन, सुती चादर, खोलीतली आर्द्रता मशीनच्या मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढी ठेवा. ते करूनही येत असेल तर कॉइलचा (सिग्नल पकडायला अंगाजवळ लावतो त्या उपकरणाचा) प्लग, केबल, टेबलातला सैल स्क्रू.

३ टेस्लावर पोटात पाणी झालेला पेशंट असेल तर मध्ये काळी छाया येते. डायइलेक्ट्रिक पॅड (रेडिओ लहर सारखी पसरवणारी गादी) ठेवा, नाहीतर सेंटरला १.५ टेस्ला असेल तर त्याच्यावर घ्या.

६. रिपीट करण्याआधी रिकन्स्ट्रक्शन

सीटीचा रॉ डेटा मशीनवर काही काळच राहतो, मग डिस्क भरली की आपोआप पुसला जातो. तोवर त्याच्यातून बारीक स्लाइस, वेगळा कर्नल (इमेज तीक्ष्ण-मऊ करणारी सेटिंग), मोठं एफओव्ही, मेटल रिडक्शन असं पुष्कळ काही पेशंटला परत न बोलावता काढता येतं. कठीण केस असेल तर रॉ डेटा लॉक करा किंवा वेगळा सेव्ह करा.

इमेज गुळगुळीत करणारे फिल्टर आणि हल्लीचं डीप लर्निंग रिकन्स्ट्रक्शन चांगलं आहे, पण ते पेशंटची हालचाल पुसत नाही, आणि जास्त लावलं तर बारीक गाठ सुद्धा गुळगुळीत होऊन जाते. मूळ सीरिज पॅक्सवर (इमेज साठवायच्या सिस्टमवर) ठेवाच. क्रॉप करून, विंडो फिरवून दोष झाकायचा आणि फिल्म काढून द्यायची हे काही ठिकाणी चालतं, तुम्ही करू नका. समोरचा सर्जन त्या फिल्मवर चाकू चालवणार असतो.

७. सोडण्याआधी बघा, मग लिहा

पेशंट टेबलावर असतानाच सगळे स्लाइस एकदा वरून खाली फिरवून बघा, हाडाच्या विंडोमध्ये पण. मग उतरवा. दोष राहिलाच तर रेडिओलॉजिस्टला मोघम "आर्टिफॅक्ट आहे" असं लिहू नका. असं लिहा : "पेशंटला दम धरता आला नाही, दोनदा प्रयत्न केला, खालच्या फुफ्फुसात हालचाल आहे", किंवा "उजव्या खुब्यात प्लेट, मेटल रिडक्शनची सीरिज वेगळी दिलीय". त्याच्यावरून त्यांना रिपोर्टमध्ये कुठं सावध राहायचं ते कळतं.

आणि ती वही. रोज सकाळी वॉटर फँटमचा सीटी आकडा (हाउन्सफील्ड युनिटमध्ये) लिहा, पाणी शून्याच्या आसपास यायला पाहिजे, हवा उणे १००० च्या. खोलीचं तापमान, आर्द्रता. लाइट किती वाजता गेली-आली. कुठला दोष कुठल्या सिक्वेन्सला, कुठली कॉइल लावली होती, काय केल्यावर गेला. सीटीसाठी एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमानं ठरावीक मुदतीत क्यूए (मशीनची गुणवत्ता तपासणी) होतोच, पण दोन क्यूएच्या मध्ये मशीन कसं घसरत गेलं हे फक्त ह्या वहीत सापडतं. इंजिनियर पुण्याहून किंवा हैदराबादहून येणार, त्याला फोनवर तारीख, वेळ, कॉइल आणि दोन इमेज दिल्या तर तो योग्य पार्ट घेऊनच निघतो, आणि मशीन एक दिवस कमी बंद राहतं.